सेवेने मेलेली झाडे

झाड मरते ते बहुधा दुर्लक्षाने, अशी आपली समजूत असते. कोणी पाणी घातले नाही, कोणी कुंपण घातले नाही, शेळीने शेंडा खाल्ला आणि झाड गेले, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु वनस्पतींच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, तेथे झाडे मेली ती दुर्लक्षाने नव्हे, तर अतोनात सेवेने. त्यांच्यासाठी काचेचे महाल बांधले गेले, रात्रंदिवस कोळसा जाळला गेला, पगारी माळी दिमतीला उभे राहिले. आणि तरीही ती शेकड्यांनी, हजारांनी मेली. ही झाडे म्हणजे ऑर्किड, म्हणजेच आपल्याकडची आमरी. इंग्लंड ही उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांची स्मशानभूमी आहे, अशा अर्थाचे एक वाक्य एकोणिसाव्या शतकातल्या बागवानांच्या जगात प्रसिद्ध होते.

आज शहरातल्या घराघरांत ऑर्किडाची कुंडी दिसते. कोणी वास्तुशांतीला भेट देतो, कोणी वाढदिवसाला. दोन-तीन महिने फुले टिकतात, मग गळतात. पुढे पाने लोळू लागतात, मुळे कुजतात, आणि घरातली माणसे अधिकच काळजीने पाणी घालू लागतात. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी लॉर्ड आणि ड्यूक यांच्या काचघरांत जे घडले, तेच आज आपल्या खिडकीत घडते आहे. म्हणून हा इतिहास पुन्हा एकदा उलगडून पाहण्यासारखा आहे.

त्याची सुरुवात मात्र एका पुनर्जन्माने झाली. पीटर कॉलिन्सन हा लंडनचा कापडव्यापारी. परंतु त्याचा जीव झाडांत अडकलेला. १७३१ साली त्याच्याकडे बहामा बेटांतून एका वनस्पतीचा वाळलेला नमुना आला. कंद सुरकुतलेला होता, तरी त्यात धुगधुगी असावी असे त्याला वाटले. त्याने तो सर चार्ल्स वेजर या आरमारी अधिकाऱ्याच्या बागेत पाठवला. तेथे तो उबदार वाफ्यात पुरला गेला, आणि पुढच्या वर्षी त्याला फुले आली. हे ब्लेटिया नावाचे ऑर्किड होते. उष्ण प्रदेशातले ऑर्किड इंग्लंडात फुलल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

या पहिल्याच यशाने घोटाळा करून ठेवला, असे आज मागे वळून पाहताना वाटते. ब्लेटिया हे जमिनीत राहणारे ऑर्किड. त्याला कंद असतो, माती चालते, ऊब चालते. पुढे जहाजांतून जी ऑर्किडे येऊ लागली, त्यांतली बहुसंख्य झाडांच्या फांद्यांवर राहणारी होती. त्यांनाही तोच पाहुणचार मिळाला. चामडे कमावल्यावर उरणारी साल कुजवून तिच्या उबेत कुंड्या गाडायच्या आणि वर मातीत झाड दाबून बसवायचे, ही त्या काळची रीत. क्यूच्या राजेशाही बागेत १७८७ साली झाडावर राहणारे एक अमेरिकन ऑर्किड फुलले खरे. परंतु अशी उदाहरणे तुरळकच.

फांदीवर राहणारे झाड काय खाऊन जगते, हा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर युरोपातल्या लोकांनी स्वतःच्या मनाने देऊन टाकले: ते यजमान झाडाचा रस शोषत असले पाहिजे. परोपजीवी म्हणून त्याच्यावर शिक्का बसला. आपल्याकडेही निराळे काही नव्हते. वर्गात वनस्पतिशास्त्राचा धडा चालू असताना मुले हमखास विचारतात, "गुरुजी, ऑर्किड म्हणजे बांडगूळच ना?" बांडगूळ हे खरेच परोपजीवी. ते यजमान झाडाच्या अंगात आपली मुळे घुसवते. ऑर्किड फांदीला नुसते धरून बसते. पाऊस, दव, वारा, सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. घरातला भाडेकरू आणि घरातला चोर यांत जेवढा फरक, तेवढाच या दोघांत.

या गोंधळाची एक खूण ऑर्किडाच्या नावातच राहून गेली आहे. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी हिंदी वनस्पतींवर लिहिलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ साली, 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बंगालमधल्या एका ऑर्किडाला त्यांनी 'वन्दा' हे संस्कृत नाव दिले. १८२० साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते शास्त्रात रूढ केले. आपला दंत्य 'द' इंग्रजी तोंडात जाऊन 'ड' झाला आणि वांडा हे नाव जगभर पसरले. अमरकोशात वन्दा या शब्दाचे पर्याय पाहावेत: वृक्षादनी, वृक्षरुहा, जीवन्तिका. वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी. वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. बांडगूळ आणि आमरी यांच्यामधले सगळे अंतर या दोन शब्दांत आहे, आणि कोशात ते दोन्ही शेजारी बसले आहेत. लिनियसने १७५३ साली झाडावरच्या ऑर्किडांना 'एपिडेंड्रम' हे ग्रीक नाव दिले, त्याचाही अर्थ 'झाडावरचे' एवढाच. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी वृक्षरुहा म्हटले आणि कुंडीत लावणाऱ्यांनी तिला वृक्षादनी समजून वागवले.

१८१८ साली ब्राझीलहून आलेले एक जांभळे, मोठ्या ओठाचे फूल बार्नेटच्या विल्यम कॅटली या व्यापाऱ्याच्या काचघरात उमलले आणि श्रीमंतांना ऑर्किडाचे वेड लागले. जॉन लिंडले या तरुण शास्त्रज्ञाने कॅटलीच्या नावावरून त्या फुलाचे 'कॅटलिया' असे नाव ठेवले. हा लिंडले पुढे ऑर्किडांचा सर्वात मोठा जाणकार ठरला. लंडनच्या उद्यान संस्थेत त्याच्या शब्दाला फार वजन होते. १८३० साली त्याने ऑर्किडांच्या लागवडीवर निबंध वाचला. पाण्याचा निचरा हवा, हे त्याने ओळखले होते. परंतु दाट सावली, भरपूर उष्मा आणि कायमचा ओलावा या तीन गोष्टींवर त्याने जो भर दिला, तो माळ्यांनी वेदवाक्य मानला.

त्यात लिंडलेचा एकट्याचा दोष नव्हता. झाडे यायची ती उष्ण कटिबंधातल्या बंदरांतून, आणि चिठ्ठीवर बहुधा देशाचे किंवा बंदराचे नाव असे. झाड समुद्रकाठच्या दमट रानातले की पाच हजार फूट उंचीवरच्या थंड डोंगरातले, हे काचघरातल्या माळ्याला कळण्यास मार्ग नव्हता. उष्ण देशातून आले, म्हणजे उष्ण ठेवा. एवढे सरळ गणित. मग झरोके बंद व्हायचे. विटांच्या धुराड्यांतून उष्णता फिरायची, फरशीवर आणि पाइपांवर पाणी ओतून वाफ करायची. बाहेरून आलेल्या माणसाला आत दम लागायचा. अशा हवेत झाड आधी भराभर पाने काढते, मग ती पिवळी पडतात, मुळे काळी होतात आणि एक दिवस सारा डोलारा हातात येतो.

याचे कारण मुळात आहे, अगदी शब्दशः मुळात. झाडावरच्या ऑर्किडाच्या मुळाभोवती मृत पेशींचे एक पांढरे, स्पंजासारखे वेष्टण असते. पाऊस पडला की ते क्षणार्धात पाणी टिपते, आतला हिरवा रंग दिसू लागतो. ऊन-वारा लागला की वाळून पुन्हा रुपेरी होते. हे मूळ भिजण्यासाठी जेवढे घडलेले आहे, तेवढेच सुकण्यासाठीही. ते सतत ओले राहिले, तर त्याला हवा मिळत नाही, बुरशी चढते आणि ते कुजते. मूळ कुजले की पाणी वर जात नाही, म्हणून पाने लोळतात. पाने लोळलेली पाहून माळ्याला वाटते, झाड तहानले आहे. तो आणखी पाणी घालतो. ऑर्किडाच्या मरणाचे चक्र असे आहे आणि त्यातला प्रत्येक आरा चांगल्या हेतूचा आहे.

हे चक्र प्रथम कोणा पंडिताने तोडले नाही. वेंटवर्थ येथील अर्ल फिट्झविल्यमच्या बागेत जोसेफ कूपर नावाचा माळी होता. त्याने उष्णता कमी केली, मोकळी हवा आत येऊ दिली, आणि त्याची झाडे टवटवीत दिसू लागली. डर्बिशरमधल्या चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या पदरी असलेला जोसेफ पॅक्स्टन हाही शेतकऱ्याचा मुलगा, तेविसाव्या वर्षी मुख्य माळी झालेला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनातला काचेचा प्रचंड महाल उभारणारा तो हाच. ड्यूकला १८३३ साली एका प्रदर्शनातले फुलपाखरासारखे ऑर्किड पाहून वेड लागले आणि झाडे जगवण्याची जबाबदारी पॅक्स्टनवर आली. त्याने वेगवेगळ्या उष्णतेची वेगवेगळी घरे केली, झरोके उघडले, आणि सगळ्या देशांच्या झाडांना एकाच भट्टीत कोंडण्याची पद्धत मोडली.

पॅक्स्टनने आपल्या हाताखालचा जॉन गिब्सन हा तरुण माळी १८३५ साली हिंदुस्थानात पाठवला. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजाने येत होते, त्याच जहाजात हाही होता. (पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग सांभाळणारे आणि १८६१ साली डॅल्झेल यांच्याबरोबर 'बाँबे फ्लोरा' लिहिणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन ते निराळे.) हा गिब्सन मार्च १८३६ मध्ये कलकत्त्याला पोहोचला. तेथील बागेचे प्रमुख डॉ. वॉलिच यांच्या साहाय्याने तो जुलैत चेरापुंजीला गेला, आणि १८३७ साली ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन परतला. त्यातल्या एका डेंड्रोबियमला त्याचे, तर दुसऱ्याला ड्यूकचे नाव मिळाले.

एवढ्या लांबच्या प्रवासात झाडे टिकली, याचे श्रेय लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरलाही आहे. १८२९ साली बंद बाटलीत ठेवलेल्या मातीतून नेच्याचे रोप उगवलेले त्याने पाहिले. बाटलीतलेच पाणी वाफ होऊन पुन्हा खाली उतरते आणि झाड जगते, हे ध्यानात येताच त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून झाडे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जिवंत पोहोचली. समुद्राचा खारा वारा त्यानंतर झाडांचा शत्रू राहिला नाही.

आता या कथेतल्या सर्वात महत्त्वाच्या पानाकडे यावे. १८५० साली जोसेफ हूकर आणि त्याचा मित्र थॉमस थॉमसन खासी टेकड्यांत फिरत होते. तेथे त्यांना निळा वांडा दिसला. ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८३७ साली याच डोंगरांत सापडला होता. ऑर्किडांत निळा रंग दुर्मीळ, म्हणून इंग्लंडात त्याला भलती किंमत, आणि तो जगवणे महाकठीण. हूकरने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात या झाडाचे घर कसे आहे, ते बारकाईने लिहून ठेवले आहे. तीन-चार हजार फूट उंचीचे गवताळ, कोरडे डोंगर. त्यांवर ओकची खुरटी, वाकडीतिकडी, विरळ पानांची झाडे. आणि त्यांच्या उघड्या फांद्यांवर वांडाची मुळे कोरड्या सालीवरून पसरलेली. शेवाळाचा पत्ता नाही. पावसाळ्यात भरपूर ओल, परंतु कोंदट उष्मा कधीच नाही. फुलण्याच्या दिवसांत साठ ते ऐंशी अंश फॅरनहाइट हवा, स्वच्छ ऊन, दिवसा साल कोरडी ठणठणीत. हिवाळ्यात जमिनीवर दहिवर गोठावे एवढा गारठा. हूकरचा निष्कर्ष असा की, ही थंडी, हा उन्हाळा, ही कोरड आणि हा मोकळा वारा, नेमक्या याच गोष्टींपासून आम्ही इंग्लंडात आमच्या ऑर्किडांना जपतो!

एका कुंडीतल्या झाडाविषयी यापेक्षा शहाणे बोल क्वचितच कोणी लिहिले असतील. परंतु त्याच पुस्तकात दुसरीही एक हकीकत आहे. क्यूच्या बागेसाठी त्यांनी या वांडाची सात माणसांची ओझी गोळा केली. त्यातली थोडीच झाडे इंग्लंडात जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने आपला माळी पाठवून एका माणसाचे ओझे तेवढे नेले. ते खराब अवस्थेत पोहोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले. झाडाचे घर कसे असते हे ज्याला सर्वात चांगले कळले, त्यानेच ते घर मोकळे केले. त्या सात हमालांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. तीनशे पौंडांतले त्यांच्या गावाला काय मिळाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पुढे स्टॅफर्डशरच्या जेम्स बेटमनने थंड हवेतल्या ऑर्किडांचा पुरस्कार केला. कोलंबियाच्या उंच डोंगरांतले ओडोंटोग्लॉसम उष्ण काचघरांत हजारांनी मेले होते. थंड घरात ते फुलू लागले. ज्ञान वाढले, आणि ज्ञानाबरोबर मागणी वाढली. अल्बर्ट मिलिकन या संग्राहकाने १८९१ च्या आपल्या पुस्तकात सरळ लिहून ठेवले आहे की, दोन महिन्यांत सुमारे दहा हजार ओडोंटोग्लॉसम मिळवण्यासाठी त्याने चार हजारांच्या आसपास वृक्ष पाडले. वृक्षादनी म्हणून ज्या झाडाची बदनामी झाली, त्याने एकही वृक्ष खाल्ला नव्हता. खाणारे निराळेच होते.

ही लूट थांबायला प्रयोगशाळा उघडावी लागली. ऑर्किडाच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण धुळीसारख्या; त्यांच्याजवळ शिदोरीच नसते. फ्रान्समध्ये नोएल बेर्नार या तरुण संशोधकाला १८९९ साली आढळले की, या बिया रुजतात त्या एका बुरशीच्या साहाय्याने. १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसनने बुरशीच्या जागी साखर वापरून बाटलीत रोपे वाढवली. १९६० साली फ्रान्सच्याच जॉर्ज मोरेलने विषाणूने ग्रासलेल्या झाडाच्या कोंबाचे इवलेसे टोक काढून त्यापासून निरोगी झाड तयार केल्याचे जाहीर केले. आजारी झाड बरे करण्यासाठी शोधलेल्या या युक्तीतून एका झाडाची हजारो झाडे होऊ लागली. आज बाजारात मिळणारे फॅलेनॉप्सिस, ज्याची फुले पतंगाच्या पंखांसारखी दिसतात ते, असेच बाटलीत जन्मलेले असते. रान त्याने पाहिलेले नाही. त्याच्या मुळांना मात्र अजून रानच माहीत आहे.

म्हणून घरातले झाड खंगले, तर हा सारा इतिहास हाताशी ठेवून काम करावे. झाड कुंडीतून बाहेर काढावे. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर पिचणारी मुळे स्वच्छ पात्याने कापावीत. टणक मुळे, पांढरी असोत की हिरवी, राखावीत. ओलसर लगदा झालेले शेवाळ टाकून द्यावे. झाडाच्या सालीचे तुकडे आणि लोणारी कोळसा असे भरड द्रव्य भोके असलेल्या कुंडीत भरावे. माती नको. सकाळचे कोवळे ऊन येईल अशी पूर्वेची खिडकी बरी. पाणी द्यावे ते भरपूर, पण मुळे रुपेरी दिसू लागल्यावरच. आणि पानांच्या बेचक्यात साचू देऊ नये. झाड अशक्त असेल, तर फुलांचा जुना दांडा बुडाशी कापावा. खताची घाई करू नये. नव्या मुळाचे हिरवे टोक दिसले की समजावे, झाडाने मनावर घेतले. मग नवे पान. याला सहा महिने लागतात, वर्षही लागते.

फूल हवे असेल, तर फॅलेनॉप्सिसला काही आठवडे पंचविसाच्या खालचे तापमान आणि गार रात्री लागतात. पुणे-नाशिकच्या बाजूला दिवाळीनंतरची थंडी हे काम आपोआप करते. दांडा तेव्हा फुटतो आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी फुलतो. मुंबई-रत्नागिरीच्या उबदार रात्रींत तो फुटणे अवघड. तेथे वांडा किंवा उष्ण हवेतली डेंड्रोबियमे अधिक सुखाने राहतात. हूकरने सांगितलेला गारठा आणि कोरड ही कथेतली शोभा नव्हे. कळी धरण्याची ती अट आहे. आपल्या सह्याद्रीतले पांढरे डेंड्रोबियम पाहावे. पावसाळ्यात हिरवे, दिवाळीनंतर पाने टाकून नुसत्या काड्या. आणि माघ-फाल्गुनात, पाण्याचा थेंब नसताना, त्याच उघड्या काड्यांवर फुलांचे घोस. त्या काड्यांना मेलेले समजून पाणी घालणारा माणूस त्यांचे फूल घालवतो.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्यात आंबोलीकडे, महाबळेश्वराकडे गेलेली माणसे फांदीवरची सीतेची वेणी ओरबाडून घरी आणतात आणि गॅलरीत बांधतात. ती सहसा जगत नाही. तिचा वृक्ष, तिचे धुके, तिची बुरशी आपल्या पिशवीत येत नाही. निळ्या वांडाचे नाव १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घालावे लागले, ते अशाच ओझ्यांच्या हिशेबामुळे. कुंडीतले झाड बाटलीत जन्मले आहे, त्याला आपण हवा, ऊन आणि थोडी कोरड देऊन पुन्हा फुलवू शकतो. डोंगरावरच्या झाडाला आपल्याकडून काहीच नको आहे. दरवर्षी ज्येष्ठात तिथे जावे, मान वर करून ती लोंबती वेणी पाहावी, आणि रिकाम्या हाताने खाली उतरावे.